जखमेची जागा

आईला जखम दिसली ती मला आंघोळ घालताना. पाठ घासता घासता तिचा हात थांबला. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "थांब जरा, उजेडात बघते." माकडहाडावरची कातडी काळी पडली होती आणि मध्ये फाटली होती. मला काहीच कळलं नव्हतं. कळणार कसं? उसाची ट्रॉली अंगावर उलटली तेव्हापासून कमरेखालचं शरीर मला डोळ्यांनी दिसतं तेवढंच कळतं.

ढोकीत कारखान्याच्या रस्त्याला आमचं घर आहे. ओसरीत व्हीलचेअरवर बसून मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. त्या साली परीक्षेच्या तोंडावर सकाळ-संध्याकाळ वर्ग चालले होते. खुर्चीवरची गादी दबून भाकरीएवढी पातळ झाली होती आणि मी तिच्यावर तासन्‌तास बसून राहिले होते.

धाराशिवच्या डॉक्टरांनी मेलेलं मांस काढून टाकलं तेव्हा खड्डा किती खोल आहे ते समजलं. मी फोटो मागितला. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला बघवणार नाही." मी म्हटलं, "माझंच आहे ते. दाखवा." त्यांनी मोबाइल पुढं केला. आईची मूठ आत बसली असती. मी बराच वेळ बघत राहिले. रडू आलं नाही, राग आला. माझ्याच अंगात एवढं घडलं आणि मला कुणी सांगितलं नाही, असा काहीतरी वेडा राग.

उपाय त्यांनीच समजावून सांगितला. जखमेत स्पंजासारखा फोम भरायचा, वरून पातळ चिकट शीट लावून हवाबंद करायचं आणि नळी जोडून पंपानं आतलं पाणी सतत ओढून घ्यायचं. जखम स्वच्छ राहते, तळापासून भरत येते. पण त्यासाठी काही आठवडे दवाखान्यात राहावं लागेल.

मी राहून बघितलं. वॉर्डात कामाला माणसं कमी आणि पेशंट जास्त. मला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं. खाट उंच, आई एकटी. चार दिवसांत डाव्या खुब्यावर लाल चट्टा उठला. एक जखम बरी करायला येऊन दुसरी घेऊन जायची, हे मला मान्य नव्हतं.

"मी घरी जाते," मी डॉक्टरांना सांगितलं. "पंप तिथं लावू."

"ढोकीत? लाइट जाते तुमच्याकडं."

"बॅटरीवर चालणारा पंप मिळतो का नाही?"

"मिळतो."

"मग घरी काय काय लागेल ते सांगा."

ते खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी एकेक अट सांगितली. ड्रेसिंग शिकलेल्या नर्सनंच बदलायचं. दर वेळी जखमेचा फोटो पाठवायचा. नळीत लालभडक रक्त दिसलं तर पंप बंद करून सरळ दवाखाना गाठायचा. पंप दोन तासांहून जास्त बंद पडला तर फोम आत ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळी जिथं जोडतात ती चकती जखमेवर बसवायची नाही, नाहीतर मी तिच्यावरच झोपेन आणि नवीन खड्डा पडेल. फोमची लांब पट्टी कापून ती शीटवरून खुब्याच्या बाजूला न्यायची आणि नळी तिथं लावायची. मी सगळं पुन्हा त्यांना म्हणून दाखवलं. ते हसले. "मास्तरीणबाई आहात खऱ्या," म्हणाले.

वडील गेल्यापासून आमची बाहेरची कामं चुलते बघतात. माणूस कष्टाळू आहे, आमच्यासाठी रात्री-अपरात्री धावलेला आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की सोलापुरात या सामानाचं दुकान कुठं आहे त्याचा नंबर काढून द्या. त्यांनी नंबर काढला आणि परस्पर ऑर्डरही देऊन टाकली. दोन दिवसांनी पार्सल आलं. आईनं कात्रीनं खोकं उघडलं. आत तळहाताएवढा फोम, टाचेला आणि बोटांना बसेल अशी कापलेली शीट, आणि खिशात मावेल एवढा पंप.

मी दुकानात फोन लावला. "हे कुणाचं सामान पाठवलंत?"

"तुमचंच, ताई. तुमच्या काकांनी पायाची जखम सांगितली होती."

चुलते ओसरीतच चहा घेत होते. मी फोन छातीशी धरला. "काका, पायाची जखम सांगितली तुम्ही?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मग काय सांगू? बाईमाणसाची जागा ती. परक्या माणसाला फोनवर सांगायची असती का? गावात हसं होईल लई."

"पायाचं ड्रेसिंग तिथं बसत न्हाय."

"हळू बोल. पोरं बसलीत बाहेर."

तेवढ्यात फोनमधून दुकानदाराचा आवाज आला, "घरात पुरुष माणूस असेल तर त्यांच्याकडं द्या ना, त्यांच्याशी बोलतो."

त्या क्षणी मला जे झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. एक पाय कापायचा की नाही, लघवीची पिशवी लावायची की नाही, ठरलेलं लग्न मोडायचं की नाही, अपघातानंतर सगळं माझ्या उशाशी उभं राहून दुसऱ्यांनी ठरवलं होतं. मी फोन कानाला लावला आणि मुद्दाम आवाज चढवला.

"पेशंट मी आहे. ऑर्डर मी देणार. जखम माकडहाडावर आहे, बसायच्या जागेच्या वर. आईची मूठ जाईल एवढी खोल. लिहून घेताय का?"

पलीकडं कागद सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बोला मॅडम."

मी बोलले. मोठ्या आकाराचा फोम पाहिजे, पट्टी कापून उरेल एवढा. चिकट शीट जास्तीच्या पाहिजेत, कारण खाली कुल्ल्यांमधल्या घडीपाशी त्या सुटणार. घडीत भरायची ती पेस्ट पाहिजे, म्हणजे हवा शिरणार नाही. छोटा पंप परत घ्या, जखमेतून पाणी खूप येतं, त्याची पिशवी दुपारपर्यंत भरेल. मोठ्या डब्याचा आणि बॅटरीचा पंप भाड्यानं द्या. आळीपाळीनं कप्पे फुगणारी हवेची गादी पाहिजे. तो म्हणाला, "गादी आमची साधीपण चांगली आहे." मी म्हटलं, "साध्या गादीनंच हे केलंय." मग तो वाद घालेना. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती मी लगेच मोबाइलवरून पाठवली.

फोन ठेवला तेव्हा चुलते उठून गेले होते. बशीत चहा तसाच. बाहेर अंगणात मुलं खाली मान घालून वहीत बघत होती. आई म्हणाली, "दुखावलीस त्यांना."

"व्हय. पण ती जागा माझी हाय, आई. सांगायची का न्हाय ते मी ठरवणार."

तिनं चुलत्यांची बशी उचलली. पदरानं ओटा पुसत राहिली.

नवं सामान आलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांनी धाराशिवला जाऊन डॉक्टरांसमोर एकदा ड्रेसिंग करून दाखवलं होतं. पहिल्या दिवशी घरी त्यांनी फोम बसवला, शीट लावली, पंप सुरू केला आणि तो लगेच टीं टीं ओरडायला लागला. कुठून तरी हवा शिरत होती. सिस्टरनी सगळी शीट काढली, कातडी पुन्हा कोरडी केली, घडीत पेस्ट भरली, नवी शीट लावून तळव्यानं दाबून धरली. "आता लाव," म्हणाल्या. आईनं बटण दाबलं. ओरडणं थांबलं. सिस्टर म्हणाल्या, "बसला बघा. मनुक्यासारखा आक्रसला." मला दिसत नव्हतं, म्हणून आईनं फोटो काढून दाखवला. काळा फोम आत ओढला गेला होता आणि पट्टी खुब्यावरून नीट गेली होती. आई पहिल्यांदाच त्या जागेकडं तोंड न फिरवता बघत होती.

शिकवणी मी बंद केली नाही. बसायची मनाई होती, झोपायची नव्हती. ओसरीत खाट टाकली, पोटावर पालथी झाले, छातीखाली उशी, फळा खाली भिंतीला टेकवलेला. पंप खाटेच्या कडेला घुरघुरायचा. एका मुलीची आई आली, दारातूनच म्हणाली, "असं पालथं पडून शिकवायचं म्हणजे… पोरांना बरं दिसतं का?"

"त्यांना गणित दिसतंय," मी म्हटलं. "तुम्हाला नको असेल तर मुलीला घेऊन जा."

ती घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात मुलगी एकटीच परत आली, मी काही विचारलं नाही. मुलांनी मात्र विचारलं की हे मशीन काय आहे. मी सांगितलं, जखम कुठं आहे तेही सांगितलं. एकानं विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, आधी कळलं असतं." त्यानंतर त्यांना त्यात काही विशेष राहिलं नाही.

सरळ बरं झालं असं नाही. मध्ये एकदा ताप आला, औषध बदललं, पंप काढून पुन्हा लावावा लागला. उन्हाळ्यात घामानं शीट सुटायच्या आणि सिस्टरना भर दुपारी बोलवावं लागायचं. पण फोटोतला खड्डा उथळ होत गेला, कडा आत सरकत आल्या. जांभळांचा हंगाम सरल्यावर डॉक्टरांनी पंप बंद केला आणि साधी पट्टी दिली. ऑपरेशन करावं लागलं नाही. आता तिथं गुळगुळीत पांढुरका वण आहे. रोज संध्याकाळी आई मोबाइलनं त्याचा फोटो काढते आणि मी बघते.

चुलते बरेच दिवस बोलले नाहीत. मग पोळ्याला पुरणपोळी घेऊन आले, ओसरीत बसले, मुलांच्या निकालाचं विचारलं. जखमेचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. माफी मी मागितलेली नाही आणि मागणार नाही. ते मला आवडतात, आणि तरी त्या दिवशी चूक त्यांची होती.

मागच्या महिन्यात मुरूम गावाहून एका बाईचा फोन आला. दुकानदारानं, मला आधी विचारून, माझा नंबर दिला होता. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. फोनवरच्या बाई इतक्या हळू बोलत होत्या की मला ऐकू येईना. नुसतं "तिथं, तिथं झालंय" म्हणत होत्या.

"ताई," मी म्हटलं, "जागेचं नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय सामान नीट येत नाही."

मग त्यांनी नाव घेतलं, आणि मी विचारलं, "खोल किती आहे?"