गूळ पोटात, धूर छातीत

फोन वहिनीचा होता. "वन्सं, तुमचं दादा गेलं." मी इंदापूरच्या बाजारात पेरू विकत होते. गिऱ्हाईक पिशवी उघडून समोर उभं, आणि मी नुसती तागडीकडं बघत राहिले... महिना होऊन गेला, अजून खरं वाटत नाही.

सुभाष, माझा थोरला भाऊ. माळेगावात रस्त्याकडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान. दसऱ्याच्या आधीपासून दारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची; कारखाना सुरू व्हायच्या आत ज्याला त्याला आपली ट्रॉली जोडून हवी. पावसामुळं शटर अर्धं ओढलेलं, आत धूर कोंडलेला, आणि त्यात हा उकिडवा बसलेला. डोळ्यापुढं काच धरायचा, नाकाला काही नाही. घरी आला की हातपाय धुऊन आधी गुळाचा खडा तोंडात. गुळानं धूर उतरतो, असं त्याच्या उस्तादानं सांगितलेलं. मी मास्क नेऊन दिला तर म्हणाला, "आमी गूळ खातो, आमाला काय हुतंय?" अरे बाबा, गूळ जातो पोटात आणि धूर जातो छातीत! किती भांडले मी. जस्ताचा थर दिलेला पाइप जोडला की संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप यायचा, सकाळी आपोआप उतरायचा. त्याचंही श्रेय गुळालाच.

मग रोज सकाळी खोकला सुरू झाला; तो ऐकू आला की वहिनी चहा टाकायची. पुढं चार पावलं चालला तरी दम लागायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "विडी किती ओढता?" वहिनी उसळली, "ह्यांनी उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाय!" डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निबर झालीत, ती काही परत मऊ होणार नाहीत, धूर आजच सोडला तर उरलंय तेवढं टिकेल. दादानं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढा सीझन काढतो. लोकांच्या ट्रॉल्या उघड्या पडल्यात, त्यास्नी काय सांगू?" तो काढला, पुढचाही काढला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला येतो राग.

शेवटी भेटले तेव्हा उशांना टेकून बसला होता. आडवं होणं जमायचंच नाही. "सोडलं... बघ... काम," म्हणाला आणि हसला. मला नाही हसू आलं.

परवा माळेगावला मुक्काम केला. सकाळी ऊन ओट्यावर आलं तरी वहिनी गॅसपाशी नुसतीच उभी. पातेल्यात पाणी घेतलेलं, दूध बाजूला.

"वैनी, चहा टाकायचा न्हाय व्हय?"

"टाकते की," ती म्हणाली. "अजून खोकला न्हाय आला त्यांचा."