शकूचा बगळा मी सुधारला

माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, चाकांच्या स्केट्सवर उलटं जाता जाता एक पाय मागे उचलून, हात पसरून अख्खी रिंक तरंगत पार करता यायची. मग मी तिला ते शिकवलं, आणि तिला ते येईनासं झालं.

साठीच्या दशकातली गोष्ट. आमचे वडील, आबा, मूळचे टाकवे गावचे, लोणावळ्यात हवापालटाला येणाऱ्यांच्या एका आरोग्यभवनात रखवालदार. तिथं मागच्या अंगणात सिमेंटची गुळगुळीत रिंक होती. मोसमात तिथं पाहुण्यांची मुलं आपटायची, एरवी रिंक शकूची. कुणीतरी टाकून दिलेल्या लोखंडी स्केट्स ती बुटांना किल्लीने आवळायची आणि सुटायची. त्या उलट्या तरंगण्याला तिने 'बगळा' नाव ठेवलं होतं. कसं जमतं विचारलं तर म्हणायची, "मागं काय आहे त्याचा विचार करायचा नाही, बस."

एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिथं राहायला आल्या. त्यांनी व्हरांड्यातून बगळा पाहिला आणि चहा तसाच ठेवून खाली आल्या. "महिन्याभराने आमच्या संस्थेच्या दोघीजणी येतील, त्यांना हे दाखव," त्या शकूला म्हणाल्या. "मुलींना शिकवायला आम्हाला कुणीतरी हवंच आहे. राहायची सोय शाळेतच होईल."

शकू अठराची. आबांनी टाकव्यात तिची सोयरीक जवळजवळ ठरवलेली.

"ह्ये जमलं, तर टाकव्याच्या मंडळीस्नी थांबा म्हनतो," आबा म्हणाले. "न्हाई जमलं, तर लगीन."

 शकूने स्केट्सची चाकं रॉकेलने तीनदा पुसली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, शाळेत नुकताच चिकटलेला मास्तर. (नव्या मास्तराच्या हातातला खडू आणि नव्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा, दोन्हींपासून माणसाने लांब राहावं.) वाचनालयात एक विलायती मासिक सापडलं. त्यात बर्फावर अशीच पाय उचलून सरकणाऱ्या बाईचं चित्र होतं. बगळ्याला 'स्पायरल' म्हणतात, हे कळल्यावर मला राहवेना.

"शकू, तुझं सगळं चुकतंय."

"पण मी पडत नाही ना, दादा."

"न पडणं म्हणजे तंत्र नव्हे."

मी रिंकवर खडूने रेघा मारल्या. तिच्या पाठीला बांबूची कामटी बांधली. रोज सकाळी एकेका पायावर दहा-दहा मिनिटं उभं केलं. गुडघा किंचित वाकलेला, कंबर सरळ, भार चवड्यावर, मागचा पाय कमरेच्या वर, हनुवटी त्याहून वर, हे तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात ती आयुष्यात पहिल्यांदा पडली. मी वहीत लिहिलं, 'प्रगती सुरू'.

आबा पायरीवर बसून बघत होते. "आरं, प्वार आदी बरं करत व्हती."

"आबा, तुम्हाला यातलं शास्त्र कळत नाही."

"मला न्हाई कळत. पर तिला कळत व्हतं."

यावर उत्तर म्हणून मी स्वतःच स्केट्स बांधल्या. प्रात्यक्षिकाशिवाय शिक्षण अपुरं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी उलटा निघालो, पाय उचलला, हनुवटी वर केली आणि रिंकच्या कठड्याच्या मोकळ्या तोंडातून बाहेर पडून थेट स्वयंपाकीणबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर बसलो. बाई काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. एरवी शकू पोट धरून हसली असती. त्या दिवशी जवळ येऊन तिने गंभीरपणे विचारलं, "तुझी कंबर तिरकी झाली का रे?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी संस्थेच्या दोघीजणी आल्या. रिंकच्या कडेला खुर्च्या, टेबल, टेबलावर कोकम सरबताचा जग. शकू उलटी निघाली. पाय उचलला, हात पसरले, आणि पंचवीसेक फूट तो जुनाच बगळा होता. आबा पायरीवरून उठून उभे राहिले. आणि कठड्याजवळून मी ओरडलो, "गुडघा!"

तिने गुडघ्याकडे पाहिलं.

पुढचं सगळं उलट्या दिशेने झालं. ती टेबलाकडे गेली, मी तिला धरायला धावलो आणि धरलं ते टेबल. जग, खुर्च्या, त्या दोघीजणी आणि आम्ही भावंडं, सगळे सरबतात. दोघी भल्या होत्या. पातळं पिळता पिळता म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो." आणि दुपारच्या गाडीने गेल्या.

शकू पायरीवर बसून स्केट्सची किल्ली फिरवत राहिली. मी शेजारी बसलो. खिशातली वही काढली आणि न उघडताच परत ठेवली.

मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. नवरा स्वभावाने चांगला निघाला. भातशेती, दोन म्हशी, तीन मुलं. स्केट्स तिने नेल्या नाहीत. हळूहळू तिची बोलीही टाकव्याची झाली. खूप वर्षांनी एकदा ती तांदूळ निवडत असताना मी म्हणालो, "त्या दिवशी मी ओरडायला नको होतं."

"तू वरडला नसतास तरी पडलेच असते, दादा," ती सुपातून मान वर न काढता म्हणाली. "त्याच्या आदीच मला समदं कळाया लागलं व्हतं."

मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने सत्कार केला. माझ्या शिकवण्याने आयुष्य घडलं, असं पाच माजी विद्यार्थ्यांनी सांगितलं. शकू पहिल्या रांगेत होती. घरच्यांपैकी कुणी बोलणार का, असं विचारल्यावर ती अर्धवट उठली, आणि माझ्याकडे बघून परत बसली. घरी येताना मी विचारलं, "बोलायचं होतं का तुला?"

"व्हतं की. पर तू मदीच सुधारत बसला असतास."

"'मदी' नव्हे, शकू," मी म्हणालो. "'मध्ये'."