बिल्ला खिळ्यावर असेपर्यंत

माणसं रिटायर झाली की किस्से साचतात, आणि विसरायला लागली की तेच किस्से दर आठवड्याला नवे होतात! दोन हजार सालच्या आसपास माजरीतल्या एका चहाटपरीवर आमची तिघांची बैठक असायची. मी कोळशाच्या खाणीतला हजेरीबाबू, शामरावभाऊ फिटर आणि रहीमभाई लॅम्परूमवाले.

*

डॉक्टरांनी शामरावभाऊंना बजावलं, बीपी आणि शुगर सांभाळा, नाहीतर पुढे डोक्यालाही त्रास होतो. भाऊंनी चहातली साखर बंद केली. ही बातमी अभिमानाने सांगता सांगता त्यांनी माझ्या पुढ्यातली जिलेबी संपवली. मी नुसतं पाहिलं, तर म्हणाले, "चहात कुठी टाकली मी?"

*

स्मरणशक्तीसाठी आमची बायको रात्री बदाम भिजवायची. सकाळी ते खायचं दोघांच्याही लक्षात राहायचं नाही, म्हणून सूनबाई खायची. आता मी मागच्या दिवाळीला काय बोललो, तेही तिला आठवतं!

*

रहीमभाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकदा ते बाजारात म्हणून निघाले आणि खाणीच्या गेटवर जाऊन ड्युटीची वाट पाहत उभे राहिले. मुलगा घाबरला. त्याने त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं.

आम्ही घरी गेलो तर हा बोलका माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. "घरी बसून राह्यलो तं उरलंसुरलंही जाईन," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांचंही तेच मत होतं: फिरू द्या, चार माणसांत बसू द्या, फक्त एकटं सोडू नका. शेवटी शामरावभाऊंनी मुलाला शब्द दिला, रोज फिरवून घरी आणून सोडू, एकटं सोडणार नाही.

*

शब्द पाळायला भाऊंनी खाणीचाच नियम आणला. खाली उतरताना कामगार आपला पितळी बिल्ला लॅम्परूममध्ये देऊन बत्ती घ्यायचा, वर आला की बिल्ला परत न्यायचा. तिथल्या खिळ्यावर बिल्ला दिसला की माणूस अजून खाली आहे असं समजायचं. तोवर रहीमभाई जागचे हलायचे नाहीत. सगळी नोकरी त्यांनी अशीच केली.

भाऊंनी टपरीच्या खांबावर तीन खिळे ठोकले. फिरायला निघताना प्रत्येकाने आपला जुना बिल्ला अडकवायचा, परतल्यावर काढायचा. टपरीवाला म्हणायचा, म्हातारे पुन्हा कामावर लागले!

*

एका संध्याकाळी फिरून आलो. आम्ही दोघांनी आपापले बिल्ले काढले. रहीमभाई आपला काढायला विसरले आणि चहा घेऊन बसले. दिवे लागले. मी म्हटलं, चला आता, मुलगा वाट पाहत असेल. रहीमभाई हलेनात. खांबाकडे बघत म्हणाले, "एक माणूस अजून खाली हाये. त्याले सोडून कसा जाऊ?"

उशीर झाला तर मुलगा पुन्हा दार लावून घेईल, या विचाराने मी घाबरलो. शामरावभाऊ उठले, खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"आला वर."

रहीमभाईंनी बिल्ला अंगठ्याने पुसला.

"बरा हाये ना तो?"

"बरा हाये. चहा पिऊन राह्यला आमच्यासंगं."