दादाची पडलेली भिंत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या गव्हावरच्या चिमण्या हाकलत होते. एप्रिल संपत आला होता. "सुजाता, दादा गेले गं," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता... त्याच आठवड्यात मी इंदूरला जाऊन त्याला भेटून आले होते. तुकोगंजमधल्या त्या दवाखान्यात दादा कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर खाली ओल धरली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते. "हे आतून नाही, बाहेरून येतंय. सांग जरा त्यांना," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. आजारी माणसाच्या भिंतीची तक्रार कुणाकडे करायची असते, हेच मला कळेना. तेवढ्यात त्याचं अंग पुसायला नर्स आली, तसं त्यानं तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाला, "लाज वाटते गं सुजू." मी त्याच्याकडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या इंदूरच्या घरासमोर मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, आणि मग माणसं एकेक करून बोलायला उठली. महूचे नातेवाईक होते, गौतमपुऱ्याचे शेतकरी होते, आणि त्याच्याकडे शिकून गेलेली पंचवीस-तिशीतली मुलंमुली होती. त्यांतली एक आर्किटेक्ट मुलगी रडत रडत म्हणाली, "सर की बनाई एक भी दीवार आज तक नहीं गिरी." मांडवातले सगळे मान डोलावत होते. माझ्या शेजारी बसलेल्या मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, खाली बघून सतरंजीचा दोरा ओढायला सुरुवात केली. माझीही नजर वर होईना. दादाची एक भिंत पडली होती. ती आमच्याच घराची होती, आणि ती पडली तेव्हा माझी सासू घरात होती. दादा असता तर त्यानं त्या मुलीला तिथंच थांबवलं असतं. तो नव्हता, आणि मीही गप्प बसले. म्हणून आज हे लिहायला घेतलं आहे.

सिद्धार्थदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचे आजोबा फौजेत, बाबा फौजेत. आमचं बालपण सगळं महूत गेलं. दादा सिव्हिल इंजिनिअर झाला आणि सांवेर रोडवरच्या सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात माणूस भाजून निघायचा. एकदा मे महिन्यात कारखान्यातल्या कुणाच्या तरी लग्नाला तो एका खेड्यात गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन. "सुजू, मी दुपारभर झोपलो," तो मला सांगत होता, "पंखा नव्हता. मातीचं घर. मला जाग आली तेव्हा अंगावर चादर ओढलेली होती." त्यानंतर त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. रविवार आला की स्कूटर काढायची आणि आसपासच्या गावांतली जुनी घरं बघत फिरायचं. त्याच सुमारास माझी आणि मिलिंदची नोकरी गौतमपुऱ्याच्या शाळेत पक्की झाली होती, गावाबाहेर आम्ही एक प्लॉट घेतला होता. दादा म्हणाला, घर मी बांधतो, मातीचं. मिलिंद माझ्याआधी तयार झाला. त्याला दादाचं फार कौतुक होतं तेव्हा.

बाबांना हे कळलं त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. ते जेवत होते. ताट बाजूला सरकवून ते म्हणाले, "मातीच्या घरातून निघायला माझ्या बापाला फौजेत जावं लागलं. खानदेशातल्या आमच्या घराचा दर पावसाळ्यात एक कोपरा जायचा. गावातली पोरं बघायला यायची, हसायची. तू माझ्या मुलीला परत तिथं नेऊन बसवणार?" दादाजवळ मातीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ होतं, रोज तो तेच बोलत असायचा. पण त्या दिवशी त्यानं बाबांनी सरकवलेलं ताट नुसतं परत त्यांच्यापुढे ओढलं. शरमेनं त्याचं तोंड लाल झालं होतं. आपल्या बापाला ज्याची लाज वाटते तेच आपण घेऊन बसलो आहोत, हे त्याला बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

त्यानं मग एक वाट काढली. भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्याच बांधल्या; पण आतून-बाहेरून वर सिमेंटचं प्लास्टर केलं, चांगलं गुळगुळीत, आणि त्यावर पिवळा रंग. जोतंही बुटकंच ठेवलं, शेजारच्या पक्क्या घरांसारखं. छप्पर भिंतीपुढे फारसं काढलं नाही, कारण पुढे आलेलं छप्पर खेडवळ दिसतं. घर बघून कुणी म्हणणार नाही की आत माती आहे. गृहप्रवेशाला बाबा आले, बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून बघितली, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले, "पक्का मकान है." दादा मागे उभा राहून हसत होता. मीही खूश होते. मातीचा गारवाही मिळाला आणि बाबांचं मनही राहिलं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

पहिले पावसाळे नीट गेले. प्लास्टरला केसासारख्या बारीक चिरा पडल्या, त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. त्यांतून पाणी आत जात होतं, आणि सिमेंटच्या त्या सालीमुळे ते बाहेर येऊ शकत नव्हतं. बाहेरून पिवळी, देखणी दिसणारी भिंत आतून लापशी होत चालली होती. श्रावणातल्या एका दुपारी आम्ही दोघं शाळेत असताना स्वयंपाकघराची अख्खी भिंत आत कोसळली. सासूबाई तिथंच चटई टाकून पडल्या होत्या. पाणी प्यायला म्हणून त्या उठल्या आणि माठापर्यंत पोचल्या, तेवढ्यात मागं आवाज झाला. आम्ही धावत आलो तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेल्या, हातात अजून तो पेला.

संध्याकाळी दादा आला. गाव जमलं होतं. लोक ढिगाऱ्याकडे बघून आपसांत बोलत होते, "अरे, ये तो अंदर से मिट्टी निकली." जणू आम्ही कुणाला फसवलं होतं. दादा गर्दीतून पुढे आला, त्यानं खाली बसून ओल्या मातीचा गोळा हातात घेतला. मिलिंद त्याच्याजवळ गेला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, आई आत होती." दादानं मान वर केली नाही. नंतर कित्येक वर्षं त्या दोघांत 'या, बसा' याच्यापलीकडे बोलणं झालं नाही. आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायला गेलो. गावात मला लोक 'गिरे मकानवाली मैडम' म्हणायचे, आणि बाजारात दादाचा विषय निघाला की मी दुसरं काहीतरी बोलायला लागायची. बाबांनी लोकांत मिसळणं कमी केलं.

दादानं आता सिमेंटमध्ये परत जावं, असंच सगळ्यांना वाटलं. तो गेला नाही. इंदूरच्या आपल्या घरामागं त्यानं कमरेइतक्या उंचीच्या भिंती बांधायला सुरुवात केली. एक पिवळ्या मातीची, एक भुसा जास्त घातलेली, एक चुना मिसळलेली, एक नुसत्या काळ्या मातीची, जी सुकली की भेगाळते हे ठाऊक असूनही. त्यांच्यावर छप्पर घालायचा नाही. पावसाळ्यात तो छत्री घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा. शेजारी गच्चीवरून विचारायचे, "भिया, कौनसी वाली गिरेगी आज?" वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मला फोन करून म्हणायची, "लोक आपल्याला वेडं समजतात गं. आणि हे त्यांनाच उत्तरं देत बसतात." सुट्टीच्या दिवशी तो रामेश्वरजी नावाच्या एका कारागिराकडे राबायला जायचा. हा रामेश्वरजी मोठा बढाईखोर, आळशी, दिवसातून दहा वेळा बिडी ओढणारा माणूस. स्वतःच्या चुका दुसऱ्यांवर ढकलण्यात पटाईत. दादाचं त्याच्याशी सारखं भांडण व्हायचं. पण भिंतीच्या मातीचा गारा पायांनी तुडवताना तो कधी तयार झाला हे टाचेला कसं कळतं, ते दादा तिथंच शिकला. कारखान्यातला साहेब चिखलात उभा आहे हे बघायला रस्त्यावरचे लोक थांबायचे, आणि दादाला ते दिसायचं. या कामात मुरायला काय लागतं, असं त्याला पुढे मुलं विचारायची. तो सांगायचा, "आपली पडलेली भिंत बघायला परत जाता आलं पाहिजे. बाकीचं हाताला येतं."

त्यानं पुढे एका शेतकऱ्याचं घर बांधलं, मग त्याच्या भावाचं. ती घरं उभी राहिली. पण आमच्याकडे तो विषयही काढत नसे. विषय काढला तो सासूबाईंनी. त्या खेड्यात वाढलेल्या. कुणाला न सांगता त्या एका सकाळी बसनं जाऊन त्या शेतकऱ्याचं घर बघून आल्या, आणि जेवताना मिलिंदला म्हणाल्या, "त्याला बोलव. घर बांधून घे. मी राहीन आत." मिलिंद म्हणाला, "आई, तू त्या दिवशी..." त्यांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "मी होते त्या दिवशी, तू नव्हतास," त्या म्हणाल्या.

जुन्याच जागी घर उभं राहू लागलं, त्या बांधकामाच्या वेळी दादा आणि मी एकदा गाऱ्यात शेजारी उभे होतो. तो पायाकडे बघत म्हणाला, "भिंतीत काही वाईट नव्हतं, सुजू. मला ती दाखवायची लाज वाटली. ती झाकायला म्हणून मी सिमेंट लावलं, आणि त्यानंच ती आतून कुजवली." मी म्हटलं, "बाबांसाठी केलंस ना तू ते." "बाबांचं नाव नको घेऊ," तो म्हणाला, "त्यांची लाज खरी होती. ते त्या घरात राहिले होते. माझी उसनी होती." या वेळी त्यानं काळ्या दगडाचं उंच जोतं घेतलं, छप्पर चांगलं हातभर पुढं काढलं, आणि भिंतींना नुसत्या माती-भुशाचं लिंपण केलं. जवळून बघितलं की त्यात गव्हाच्या काड्या चमकतात.

बाबा तेव्हा बरेच थकले होते. ते आले, अंगणात खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "बाहेरून काही लावणार नाहीस?" "नाही बाबा." ते आत आले नाहीत. जेवण त्यांनी तिथंच मागवलं. मात्र कुणी पाहुणा आला की सांगायचे, "ही साधी माती नाही. खास माती आहे, इंजिनिअरिंगची." दादा ते ऐकून मान खाली घालायचा, पण त्यानं त्यांचं बोलणं कधी खोडलं नाही. बाबा गेले ते या घरात एकदाही न झोपता. ही गोष्ट दादाच्या मनाला लागून राहिली होती. त्याला इतक्या घरांसाठी शाबासकी मिळाली, पण त्यानं हे काही भरून निघालं नाही.

पुढे त्याचं नाव झालं. कारखाना सुटला, दुरून लोक यायला लागले. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला तो आधी आमच्याकडे घेऊन यायचा आणि स्वयंपाकघरात उभं करून सांगायचा, "इथं माझी भिंत पडली. माझ्या बहिणीच्या सासूबाई इथं होत्या." मला ते नको व्हायचं. मी चहाचं निमित्त करून तोंड फिरवायची. मांडवात रडणाऱ्या त्या मुलीनंही हे ऐकलं असणारच. पण गेलेल्या माणसाला कुणी असं आठवत नाही... लोक त्याच्यावरून प्लास्टर फिरवतात.

दर मे महिन्यात दादा पहिल्या बसनं आमच्याकडे यायचा. वर्षभरात भिंतीचा खालचा भाग जिथं झिजला असेल, तिथं पावसाआधी नवीन लिंपण करायचं, आणि ते स्वतःच्या हातानं, मजूर लावायचा नाही. त्यासाठी त्याची एक जुनी खाकी पँट मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली असते. गुडघ्यांवर मातीचे डाग इतके बसले आहेत की मूळ रंग तोच वाटावा. दादा आला की मिलिंदला त्या दिवशी हमखास बाहेरचं काम निघायचं. तो संध्याकाळी परतायचा, भिंतीवरून एक नजर फिरवायचा आणि आत जायचा. सासूबाई गेल्यानंतरही यात बदल झाला नाही.

या मे महिन्यात मी कुणाला सांगावं या विचारात होते. रामेश्वरजी कधीच गेला. शिकलेल्या मुलांना फोन करायला संकोच वाटत होता. एका सकाळी मी मागच्या खोलीत गेले, तर खुंटी रिकामी. मिलिंद परसात उभा होता, दादाची पँट घालून. त्याला ती लांब होते, म्हणून त्यानं ती खालून दुमडून घेतली होती. पायाखाली अर्धवट ओली माती होती, आणि त्याला नीट तुडवता येत नव्हतं. कुंपणाशी दोन-तीन जण थांबले होते.

"लोक बघताहेत," मी म्हटलं.

"बघू दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "दादा आधी पाणी घालायचे की भुसा?"