इंजिनावरचं कस्टम

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या मित्राचं इंजिन परत गेलं ते त्याच्या वडिलांमुळे नाही, माझ्यामुळे. सौंसरात ज्यांना ती गोष्ट आठवते ते अजून म्हाताऱ्याच्याच नावानं सांगतात आणि हसतात. मी तिथं बसलेला असलो तर मीही हसतो.

मित्र शाळेपासूनचा. मोहगावच्या रस्त्याला त्यांचा संत्र्याचा बगीचा. माझा बाप त्याच बगीच्यात तोडणीला जायचा, आणि मी लहान असताना बापाची भाकर घेऊन जायचो तेव्हा मित्राशी ओळख झाली. पुढे मी शिकलो, नागपूरला कॉलेज केलं, पांढुर्ण्याच्या एका ऑफिसात बाबू म्हणून लागलो. मित्रानं शिक्षण सोडलं आणि बगीचा पाहू लागला.

त्याला एकच नाद होता. नागपूरला कुठल्याशा मैदानावर त्यानं एकदा दोन तारांना बांधलेलं हातभर लांबीचं विमान पाहिलं, अंगठ्याएवढ्या इंजिनावर गरगर फिरताना. तेव्हापासून हा माणूस संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून पंख करायचा, वर पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराला पीळ देऊन विमान सोडायचा. झाडांच्या ओळीवरून ते चार श्वास उडायचं आणि नाक खुपसायचं. तोडणीच्या बाया हसायच्या. "उडालं गा भाऊ, उडालं! आता खाली उतरून घे, जेवाची वेळ झाली."

तो चिडायचा नाही. म्हणायचा, "इंजन पाहिजे. रबरानं कायले उडते?"

तसं इंजिन आपल्याकडे मिळेना. विलायतेत मिळायचं. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. परदेशात पैसे पाठवायचे तर बँकेत कोण उभं करणार? पण माझ्या कॉलेजच्या ओळखीतला एक माणूस नागपुरात राहायचा आणि त्याचा भाऊ लंडनला नोकरीत होता. भाऊ तिकडे विकत घेऊन पार्सल करेल, आपण पैसे नागपुरात त्याच्या घरी द्यायचे, असं मी जुळवून आणलं. मीच. आणि जुळवून आणल्याचा मला किती माज आला होता ते आज लिहायला लाज वाटते.

कारण त्या अंगणात माझा बाप उभा राहायचा. मित्राचे वडील, ज्यांना मी काकाजी म्हणायचो, माणूस म्हणून वाईट नव्हते. मला नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी स्वतः आतून खुर्ची आणवली. "जयभीम बाबू, बस," म्हणाले. ज्या कपात ते चहा प्यायचे त्याच जोडीतला कप मला दिला. तेव्हापासून त्या खुर्चीवर मी सावरून बसायचो. चुकायचं नाही, अडखळायचं नाही, मला माहीत नाही असं म्हणायचं नाही. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

मित्राचे पैसे नागपुरात देऊन निघालो तेव्हा तो ओळखीचा माणूस फाटकापर्यंत सोडायला आला. तिथं उभ्या उभ्या म्हणाला, "तुमच्या दोस्ताला सांगून ठेवा, माल आला की इकडे कस्टम लागतं. किती ते कोणी सांगू शकत नाही. कधीकधी मूळ किमतीहून जास्त बसतं."

मी मान हलवली. गाडीत पांढुर्णा येईपर्यंत हे काकाजींना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. अजून लागतील, किती ते माहीत नाही. हे शेवटचं तोंडात बसेना.

रविवारी सौंसरला गेलो. काकाजी खाटेवर होते, गावातली आणखी तिघं-चौघं बसली होती. मित्र दारात उभा. मी खुर्चीवर बसायच्या आत काकाजींनी विचारलं,

"झालं का बाबू काम?"

"झालं काकाजी."

"आता पुढं काही द्याचं उरलं तं नाही ना? पाह्य हं, माहा पोरगा दोन बहारांपासून पैसे जमवून राहिला त्या इंजनासाठी."

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"नाही काकाजी. सगळं मिटलं."

एवढंच. त्या दोन शब्दांसाठी मी कुठलंही कारण देऊ शकतो, आणि इतकी वर्षं स्वतःला देत आलोही. खुर्चीचं कारण खरं आहे. पण त्या खुर्चीवरून उठून मित्राला बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. रस्त्यात सांगता आलं असतं. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. मित्र तर मधल्या काळात एरंडीचं तेल, रॉकेल, डॉक्टरकडून मागून आणलेलं ईथर असं इंजिनाचं तेलपाणी जमवून बसला होता. नवं विमान बांधून आढ्याला टांगलं होतं. त्याच्या नाकाशी इंजिनाच्या मापाची रिकामी जागा. मी त्याखाली बसून चहा प्यायचो.

पार्सल आलं. सौंसरचा डाकवाला चिठ्ठी घेऊन बगीच्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी मित्र मिळेल त्या बसनं पांढुर्ण्याला माझ्या ऑफिसात. घाम पुसत म्हणाला, "अबे, हे काय होय? पोस्टमास्तर म्हणते हे मुंबईच्या कस्टमवाल्यायनं लावलं, मूळ कस्टम वेगळं, त्याच्यावर साहाय्यक वेगळं, त्याच्यावर अतिरिक्त वेगळं, अन् पार्सल कस्टमसमोर ठेवाची डाकखान्याची फी वेगळी. सगळं मिळून इंजनापेक्षा मोठं झालं ना बे! तुले काही बोलला होता का तो नागपूरवाला?"

"नाही," मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावरचा साहेब मान वर करून पाहत होता, असं मला वाटतं. कदाचित नसेलही पाहत.

"बाबा म्हनतात, थांब. पहिला भाव हा भावच नसते म्हनतात. डाकवाला पहिल्या फेरीले आला, त्याले चहा पाज अन् वापस धाड. तिसऱ्या फेरीले अर्ध्यावर येते."

हे ऐकून नागपूरकर हसेल. पण ज्यानं संत्र्याचा सौदा पाहिला आहे तो हसणार नाही. आमच्याकडे बगीचा झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, ओळींतून फिरतो, रुमालाखाली बोटं धरून भाव बोलतो. काकाजींनी जन्मात कधी पहिल्या फेरीला हो म्हटलं नाही. दोनदा रिकामा पाठवायचे. फळ झाडावर पिकत असताना, पोरगा धास्तावलेला असताना, हा माणूस खाटेवर पाय हलवत बसायचा. आणि तिसऱ्या फेरीला व्यापारी यायचाच. शेकड्यामागे नासक्यांच्या नावानं वरची फळं मागायचा, तीही काकाजी कमी करून घ्यायचे. त्याच जोरावर त्यांनी बगीचा वाढवला होता. म्हणून कस्टम म्हणजे त्यांना मुंबईच्या कुण्या व्यापाऱ्यानं बोललेला पहिला भाव वाटला. त्यांच्या जागी दुसरं काय वाटणार?

मित्रानं मला विचारलं, "खरंच कमी होते का बे? तू ऑफिसात हायेस, तुले माहीत."

मला माहीत होतं. सरकारचा आकडा खाली येत नाही, आणि डाकखाना पार्सल कायमचं ठेवत नाही. ठरलेले दिवस ठेवतो, पुढे रोजचं भाडं चढवतो, मग ज्यानं पाठवलं त्याला परत. पण हे बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: एवढं माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं?

मी म्हणालो, "काकाजींचा अनुभव मोठा आहे. थांबून पाहा."

तो बरं वाटून गेला. मीही बरं वाटून फाइल उघडली.

काकाजी थांबले. डाकवाला दुसऱ्यांदा आला, त्याला चहा मिळाला. काकाजींनी त्याला विचारलंही, "वरचं तं सगळीकडेच लागते बापा, पण वरचं मूळच्यापेक्षा मोठं? हे कोन्या देशाचं गणित होय? जा, तुह्या साहेबाले सांग, म्हातारा अर्धे देतो म्हने." डाकवाला हसला. बिचाऱ्यानं पोस्टमास्तरला सांगितलंसुद्धा. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. काकाजी म्हणाले, "पाह्य, नरमून राहिले."

मित्राला राहवेना. त्यानं बापाला न विचारता त्या वर्षीचा आपल्या वाट्याचा कोपरा एका व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन टाकला आणि पूर्ण रक्कम घेऊन डाकखान्यात गेला. पार्सल आदल्या दिवशी निघून गेलं होतं.

नंतर लंडनहून नागपूरमार्गे निरोप आला: पुन्हा पाठवतो, पण जायचा-यायचा टपालखर्च नवा, आणि तुमच्याकडे कस्टम पुन्हा पहिल्यापासून लागेल. मित्र म्हणाला, नको.

त्या रविवारी मी सौंसरात होतो. जायला नको होतं, पण न जाणंही संशयाचं वाटलं असतं. अंगणात पोचलो तर मित्र बापासमोर उभा. आवाज चढलेला नव्हता, तेच भीतीदायक होतं.

"तुमच्या सौद्यानं गेलं बाबा. तुमच्या तिसऱ्या फेरीनं."

"अरे पन माले काय माहीत..."

"जलमभर माहीतच नव्हतं तुमाले. एक गोष्ट मागितली होती म्या. एक."

त्याची माय दाराच्या आत उभी होती. म्हणाली, "जाऊ दे रे पोरा, इंजनच होतं ना. मानूस तं नाही गेला." कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची आणा म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाबू, तूच सांग. तू शिकेल हायेस. म्या थांबलो म्हनून गेलं का?"

इथं मी थांबून विचार केला, हे लक्षात ठेवा. घाईत निसटलेलं वाक्य नव्हतं ते. पहिलं खोटं घाईतलं होतं, दुसरं भीतीतलं. हे तिसरं मी तोलून बोललो.

"हो काकाजी. थांबायला नको होतं."

म्हातारा खाटेवरून उठला, चपला घातल्या आणि बगीच्यात गेला.

त्यानंतर त्या घरात बापलेक कामापुरतं बोलायचे. पाणी सोडलं का. पेट्या आल्या का. व्यापारी कधी येते. व्यापाऱ्यांशी बोलायचं काकाजींनी मात्र बंद केलं. "पोराले विचारा," म्हणायचे. पहिल्या फेरीला जो भाव येईल त्याला मित्र हो म्हणायचा, आणि म्हातारा ऐकत बसायचा. व्यापाऱ्यांनी चार दिवसांत हे ओळखलं. आढ्याचं विमान मला पुन्हा दिसलं नाही. ते कुठं गेलं, विचारलं नाही. मित्रानं पेटीच्या फळीला पुन्हा तासणी लावली नाही.

काकाजी त्यानंतर काही वर्षांनी गेले. मातीला मी गेलो होतो. परत येताना मित्र माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "बाबानं आमाले सगळं देलं. एकच गोष्ट बिघडवली. पन ती बिघडवली." मग म्हणाला, "तू तरी त्या दिवशी खरं बोललास. दुसरा कोनी असता तं म्हाताऱ्याचं मन राखलं असतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हेही मी केलं.

आता आम्ही दोघं पन्नाशी ओलांडून बसलो आहोत. तो सौंसरात, मी पांढुर्ण्यात. लग्नकार्यात भेटतो. कस्टमवाल्यांना मी लोकांत बसून पुष्कळ शिव्या घातल्या आहेत, सरकार कसं न सांगता लुटतं यावर मी चांगला बोलतो, लोक ऐकतात. पण मुंबईच्या त्या माणसांनी काही लपवलं नव्हतं. आकडा चिठ्ठीवर स्वच्छ लिहिला होता. लपवला होता मी, फाटकापासून अंगणापर्यंत.

काकाजींना जे द्यायचं होतं ते आता देता येत नाही. मित्राचं देता येतं. त्याच्यासमोर बसून एवढं सांगायचं आहे, की मला नागपुरातच कळलं होतं, मी ते झाकलं, आणि तुझ्या बापाची चूक नव्हती. ते मी अजून सांगितलेलं नाही.