खांदा कानापासून लांब

"काका, हे काय आहे?"

घाटगेकाकांनी उजवा हात पटकन मागे घेतला. पण मी पाहायचं ते पाहिलं होतं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींच्या पेरांवर लाल वळ उठले होते. मधल्या बोटावर तर फोड येऊन फुटला होता.

"बागेत काम करत होतो," काका म्हणाले.

"बागकाम तीनच बोटांनी करता?"

काका छताकडे पाहू लागले. ग्लासगोतल्या आमच्या हॉस्पिटलच्या छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं आणि स्नायू दुरुस्त करायचं काम सर्जन करतात. ती दुरुस्ती टिकवायचं काम आमचं. गोष्ट आहे स्कॉटलंडमधल्या पबमध्ये सिगारेट ओढायला नुकतीच बंदी आली होती त्या काळातली. सांगलीहून येऊन मला तिथे थोडीच वर्षं झाली होती. डॉ. यशवंत घाटगे रिटायर्ड अनेस्थेटिस्ट होते. भूल देण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातलं बरंचसं ग्लासगोत. ऑपरेशन टेबलाच्या त्या बाजूला ते पहिल्यांदाच झोपले होते.

त्यांच्या उजव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला होता. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवायला चार छोटे स्नायू असतात. त्यांची टोकं एकत्र येऊन गोळ्यावर टोपीसारखी बसतात, तो रोटेटर कफ. सर्जनने तो शिवला होता, आणि शिवताना तो फार विरलेला आहे हेही सांगितलं होतं. पुन्हा फाटला तर पुन्हा शिवता येणार नाही. मग हात खांद्याच्या वर जाणार नाही. तिरंदाजी तर सोडाच, वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता येणार नाही.

आणि काका तिरंदाज होते. साधेसुधे नव्हेत, क्लबचे जुने चॅम्पियन. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून हे लोक जंगलात फोमची हरणं, रानडुकरं, अस्वलं ठेवतात आणि झाडाझुडपांतून चालत जाऊन त्यांच्यावर बाण मारतात. काकांचे आजोबा कोल्हापूर संस्थानात शिकारीला जात. "आजोबांनी खरी डुकरं मारली, मी रबरी मारतो. पिढी बदलली की असं होतं," काका म्हणत. म्हणायचे थट्टेने, पण वसंतात होणारी ती जंगलातली मोठी स्पर्धा त्यांनी कित्येक वर्षांत चुकवली नव्हती. निवृत्तीनंतर हॉस्पिटल सुटलं होतं. मुलं लंडनला. ती स्पर्धा हेच त्यांचं वर्ष होतं. वसंतात आपण त्या जंगलात असू की घरी, एवढाच त्यांना प्रश्न होता.

सर्जनने हलक्या धनुष्याने सुरुवात करायला परवानगी दिली होती. हलकं म्हणजे काय, ते सांगते. दोरी पूर्ण ताणायला जो जोर लागतो त्याला ड्रॉ वेट म्हणतात आणि तो पौंडांत मोजतात. नवशिक्यांचं धनुष्य अठरा-वीस पौंडांचं. काकांचं स्वतःचं पंचेचाळीसचं. बोटांवरचे वळ अठरा पौंडांचे नव्हते.

इथे दुसरा कोणताही पेशंट असता तर मी काय केलं असतं? समोर खुर्ची ओढून बसले असते आणि सरळ म्हटलं असतं, धनुष्य क्लबच्या कपाटात जाईल, किल्ली दुसऱ्याकडे राहील. ग्लासगोचे ट्रक ड्रायव्हर माझ्यापुढे गोगलगाय होत. पण काकांनी पहिल्याच दिवशी माझा बॅज वाचला होता. "कुठली गं तू? सांगलीची? मग आपलीच की!" दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर काकूंनी पाठवलेला चकल्यांचा डबा आला. पहिल्या भेटीतला पेशंट दुसऱ्या भेटीत काका झाला होता. आणि काकांना दटावतात का?

"काका, जरा कमी केलंत तर बरं होईल," मी म्हणाले.

"हो गं पोरी, करतो," काका म्हणाले. करणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर माझी टीम लीड फियोना आली. उंच, सडपातळ बाई, बोलणं तुटक.

"सायली, मला तुमची लँग्वेज कळत नाही. पण टोन कळतो. तू त्याला इन्स्ट्रक्शन देतेस की रिक्वेस्ट करतेस?"

"तो... रिस्पेक्टचा प्रश्न आहे."

"त्याचा शोल्डर रिस्पेक्टने टिकणार आहे का? जमत नसेल तर मी पेशंट दुसऱ्या कुणाला देते. नो हार्ड फीलिंग्ज."

मला राग आला. फियोनाचा कमी, ती बरोबर बोलत होती याचा जास्त. पेशंट हातातून काढून घेतला जाणं आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखं. शिवाय मी मनाला सांगत होते की दुसऱ्या कुणाचं तर काका मुळीच ऐकणार नाहीत. ते समोरच्याला छान थँक यू म्हणतील आणि घरी जाऊन पंचेचाळीस पौंड ओढतील.

"मला थोडा टाइम दे," मी म्हणाले.

"थोडाच," फियोना म्हणाली.

मी काकूंना फोन लावला. डबा परत करायचं निमित्त होतंच.

"अगं, गॅरेजमध्ये ओढतात," काकू म्हणाल्या. "दार लावून. बाण न लावता, नुसतंच. मी विचारलं तर म्हणतात तेल घालतोय. धनुष्याला कसलं आलंय तेल?"

"मग क्लबमध्ये का जात नाहीत? तिथे हलकी धनुष्यं असतात ना?"

"तेच तर! ती निळ्या दांड्याची धनुष्यं हेच नवीन लोकांना वाटतात, दरवर्षी. कोर्स हेच घेतात ना. आता तेच हातात घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं? घाटगे आहेत ते, सायली. मोडतील, पण निळं धनुष्य घेऊन रांगेत उभे राहणार नाहीत."

मी फोन ठेवला. म्हणजे दुखणं खांद्यात नव्हतंच. मी रबरी पट्ट्या ओढायला देत होते, बर्फ लावत होते, आणि अडलं होतं ते निळ्या दांड्यापाशी. मला काकांना दटावता येत नव्हतं आणि काकांना लहान होता येत नव्हतं. आम्ही दोघंही एकाच मातीत अडकलो होतो.

मग डोक्यात प्रकाश पडला. ही कल्पना माझी, पूर्णपणे माझी, आणि आजही ती आठवली की माझी मान ताठ होते. काकांना निळं धनुष्य हातात घ्यायला कधी लाज वाटत नव्हती? कोर्स घेताना! शिकवणारा माणूस ज्या धनुष्याने शिकवायचं तेच उचलून दाखवतो. त्यात कमीपणा कसला?

पुढच्या वेळी मी मुद्दाम पट्ट्या बाजूला ठेवल्या.

"काका, मला तिरंदाजी शिकायचीय. तुम्ही शिकवाल?"

काका उठून बसले. "तू? का गं?"

"इतकी वर्षं लोकांचे खांदे बघतेय, एकदा आपलाही वापरून बघावा म्हटलं. पण शिकेन तर तुमच्याकडेच."

हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मात्र शंभर टक्के खरा होता. "शनिवारी सकाळी ये. आणि मोकळ्या बाह्यांचा स्वेटर घालू नकोस, दोरी अडकते."

फियोनाला सांगणं भाग होतं. पेशंटबरोबर बाहेर भेटीगाठी असल्या की इथे लगेच भुवया वर जातात.

"हे प्रोफेशनल आहे की सोशल?" तिने विचारलं.

"त्याला त्याच्या खेळात परत जायचंय. तो खेळताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. कॉटवर झोपवून मी त्याचा हात वर-खाली करते. फुटबॉलरला आपण पळताना बघतो की नाही?"

फियोनाने डायरी उघडली. "एक व्हिजिट असेसमेंट म्हणून. बाकीचे शनिवार तुझी हॉबी. आणि चकल्या ऑफिसमध्ये आणायच्या."

क्लब एका शाळेच्या जिममध्ये भरायचा. हॉलला टेनिस शूज आणि ओल्या कोटांचा वास. क्लबचा अध्यक्ष इयन, लाल दाढीचा गडी, दारातच काकांना मिठी मारायला धावला आणि खांदा आठवून मध्येच थांबला. "यश! वेलकम बॅक! ही कोण?"

"माय न्यू स्टुडंट," काका म्हणाले. फिजिओ आहे, हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

काकांनी कपाटातून दोन निळी धनुष्यं काढली. एक मला दिलं, एक स्वतः घेतलं. बरोबरच्या चार-पाच नवशिक्यांपुढे उभे राहिले, पाय रोवले, दोरी ओढली, हनुवटीला टेकवली, सोडली. बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात. कुणी हसलं नाही. कुणाला त्यात वावगं काही दिसलंही नाही. शिक्षक शिकवत होता, एवढंच. त्या सकाळी काकांनी अठरा पौंड कितीदा तरी ओढले. मला हॉस्पिटलमध्ये सांगून त्यांना जे करायला लावता आलं नसतं ते त्यांनी आपणहून केलं, तेही मिशीला पीळ देत.

आणि मी शिष्या म्हणून त्यांच्या मागे उभी होते. फिजिओला हवी असते ती जागा हीच. पाठ दिसते.

दोरी हनुवटीपर्यंत येता येता काकांचा उजवा खांदा वर चढत होता, पार कानाजवळ. ऑपरेशनच्या आधीपासूनची ती सवय असणार. जड धनुष्य ओढता ओढता पाठीचे मोठे स्नायू बाजूला राहिले होते आणि मानेचे स्नायू सगळा भार उचलत होते. खांदा असा वर गेला की आतली जागा कमी होते आणि नेमकी ती शिवण हाडाखाली चिमटली जाते. अठरा पौंडांवर चालून जाईल. पंचेचाळीसवर शिवण उसवणारच.

दिसलं खरं, पण सांगायचं कसं? पाच लोकांसमोर चॅम्पियनला म्हणायचं, तुमचं चुकतंय? अजून मला ते जमणार नव्हतं. पण शिष्येला एक गोष्ट करता येते, जी फिजिओला येत नाही. ती प्रश्न विचारू शकते.

"काका, तुमचा खांदा ओढताना कानापाशी जातो. माझाही तसाच जायला हवा का?"

काका दोरी ताणलेल्या अवस्थेतच थांबले. मग हळूच दोरी सैल सोडली. हॉलमध्ये बाण थडाथड बसत होते.

"नाही," काका शेवटी म्हणाले. "तसा जाता कामा नये. खांदा खाली हवा. कानापासून लांब. मी नेहमी सांगतो सगळ्यांना."

"मग दाखवा ना."

त्यांनी दाखवलं. म्हणजे पहिल्यांदा दाखवता आलं नाही, खांदा पुन्हा चढला. मी फक्त माझा स्वतःचा खांदा खाली ओढला. त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि पुन्हा ओढली. या वेळी खांद्याचं पातं पाठीवर सरकलेलं मला स्पष्ट दिसलं. बाण पिवळ्याच्या बाहेर गेला. काका मात्र हसत होते.

"दुखलं नाही गं," ते मराठीत पुटपुटले.

तो हिवाळा आम्ही असाच काढला. आठवड्याच्या मध्ये ते माझ्याकडे येत आणि मी सांगेन ते करत. शनिवारी मी त्यांच्याकडे जाई आणि त्यांना प्रश्न विचारी. काका, कोपर कुठे असावं? काका, दमल्यावर थांबायचं की रेटायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी धनुष्य खाली ठेवून दिलं. निळ्या धनुष्यानंतर चोवीस पौंड, मग तीस. पंचेचाळीसचं धनुष्य काकूंनी माळ्यावर टाकायला लावलं. ते हाताने वर चढवून ठेवलं मात्र काकांनीच. काकूंनी मला ते मुद्दाम फोन करून सांगितलं.

वसंतातली स्पर्धा ग्लासगोच्या उत्तरेला एका जंगलात होती. चिखल, ब्लूबेलची फुलं आणि कानात शिरणारी बारीक चिलटं. काकांच्या हातात तीस पौंडांचं धनुष्य होतं आणि पंचेचाळीसवाले जुने सोबती ते पाहत होते. काकांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. एका उताराखाली, दोन बर्च झाडांमधून फोमचं रानडुक्कर जेमतेम दिसत होतं. काकांनी पाय रोवले. मी मागे उभी होते. दोरी हनुवटीला आली. खांदा जागच्या जागी, कानापासून लांब. बाण गेला आणि डुकराच्या बरगडीत थप्प करून बसला.

मी ओरडले. स्पर्धेत ओरडत नाहीत, इयनने मला डोळ्यांनीच सांगितलं. मला त्याची पर्वा नव्हती. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

काका जिंकले नाहीत. बऱ्यापैकी खाली आले. हलक्या धनुष्याचा बाण लांब जाईपर्यंत खाली येतो, त्याला इलाज नसतो. पण संध्याकाळी सूप पिताना इयनने ग्लास वर केला आणि म्हणाला, "यश आणि त्याच्या बेस्ट स्टुडंटसाठी!"

"शी इज नॉट माय स्टुडंट," काका म्हणाले.

इयनचा ग्लास हवेतच राहिला.

"ही माझी फिजिओ आहे," काकांनी इंग्लिशमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "हा खांदा हिचा आहे. मी फक्त तो घेऊन फिरतो." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पहिल्याच शनिवारी कळलं होतं मला, पोरी. इतकी वर्षं कोर्स घेतोय. शिकायला आलेला माणूस बाणाकडे बघतो. तू माझ्या पाठीकडे बघत होतीस."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना डिस्चार्ज दिला. फियोनाने कागदावर सही केली आणि विचारलं, "मग काय, शेवटी तू त्याला इन्स्ट्रक्शन दिलीस की रिक्वेस्टच केलीस?"

"प्रश्न विचारले," मी म्हणाले.

त्यानंतर माझ्याकडे कितीतरी डॉक्टर पेशंट म्हणून आले. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी तेच सांगते: मला तुमचं काम शिकवा. ते शिकवायला उभे राहतात आणि मी मागे जाऊन उभी राहते. तिरंदाजी मात्र मला अजूनही फारशी येत नाही. काकांच्या मते माझा खांदा वर जातो.