तळ्याकाठची बाई

चित्र परदेशी आहे. एक बाई तळ्याकाठी डोळे मिटून उभी, मागे निळी झाडं आणि पिवळं आभाळ. माझी मुलगी नंदा शाळेत चित्रकला शिकवते. गणपतीचा कारखाना बंद केल्यापासून मी घरात चिडचिड करतो, म्हणून तिनं हे छापील चित्र समोर ठेवलं. मी म्हणालो, "हुबेहूब करून दाखवतो."

आठ दिवस खपलो. झाडं उतरली, तळंही उतरलं. काल चेहरा घेतला आणि मूर्तीचे आखतो तसे सगळ्यात शेवटी डोळे आखले. नंदा बघतच राहिली.

"अण्णा, अहो, हिचे डोळे मिटलेत ना!"

"मिटलेल्या डोळ्यांकडे कोण बघणार? जन्मभर डोळे आखून मूर्ती जाग्या केल्यात मी. मला शिकवू नकोस."

बोललो खरा, पण आज सकाळी एकटाच समोर बसलो आणि गोंधळलो. माझी बाई टक लावून माझ्याकडे बघते, आणि मागचं तळं म्हणजे नुसतं पाणी. छापील चित्रात तसं होत नाही. तिथं ती झाडं, ते पाणी बाईच्या मागं आहे, की तिच्या मिटल्या डोळ्यांच्या आत? मी चौथी शिकलेला माणूस. मला काही कळेना.

अंगाचा रंग कालवून कुंचला तिच्या डोळ्यापर्यंत नेला. हात पुढे जाईना. इतके डोळे उघडले, मिटला मात्र एकही नव्हता.

शेवटी हाक मारली, "नंदे, जरा ये गं. हे मिटायचे कसे, दाखव."